वैमानिकांची गोधडी शिवणारा सिडनी कॉटन

द्वितीय वर्ष, कला

जुनी नाणी जमविणारे लोक आपल्याला माहीत असतात. पोस्टाची तिकिटे किंवा काड्यापेटीचे छाप जमविणारा एखादा मित्रही प्रत्येकाला असतो. पण युद्धातील वैमानिकांचे जुने, विटके, तेलाचे डाग पडलेले कपडे जमविण्याचा छंद कोणाला असेल, असे मला कधी वाटले नव्हते. इंग्लंड, अमेरिका, ऑस्ट्रेलिया येथे असे छांदिष्ट पुष्कळ आहेत. चामड्याच्या टोप्या, गॉगल, लांब हातमोजे, मेंढीच्या कातड्याची जाकिटे, उडताना घालायचे बूट, प्राणवायूचे मुखवटे, वैमानिकाने स्वतःच्या हाताने भरलेली उड्डाणांची नोंदवही, असे काहीही त्यांना चालते. आपल्याकडे असले सामान बोहारणीने वाटीच्या बदल्यातसुद्धा घेतले नसते!

बैलबाजारात शेतकरी बैल पारखतो, त्याच काळजीने हे लोक कपडा पारखतात. आधी तो उलटा करून आतली चिठ्ठी पाहायची. इंग्रजांच्या हवाई खात्याच्या मालावर मुकुटाची खूण आणि ए. एम. ही दोन अक्षरे असत. उड्डाणाच्या कपड्यांना भांडारात बावीस-सी या गटातला क्रमांक दिलेला असे. मग चेन कोणत्या कारखान्याची, शिवण मूळची की मागाहून घातलेली, अस्तर बदलले आहे काय, असे एकेक पाहत जायचे. चित्रपटांसाठी आणि हौशी गिऱ्हाइकांसाठी हुबेहूब नकला शिवल्या जातात, म्हणून एवढी चिकित्सा. आत शाईने वैमानिकाचे नाव लिहिलेले सापडले, तर संग्राहकाला लॉटरी लागल्याचा आनंद होतो. त्या नावावरून मग माणूस शोधता येतो. तो कोणत्या तुकडीत होता, कोठवर उडाला, परत आला की नाही, हे सारे कळते.

या सामानात एक नाव वारंवार येते, ते म्हणजे सिडकॉट. हा अंगभर घालायचा उड्डाणाचा पोशाख. मला आधी ते कारखान्याचे नाव वाटले. नंतर कळले की सिडनीतला सिड आणि कॉटनमधला कॉट जोडून ते बनले आहे, आणि सिडनी कॉटन हा एक खराखुरा माणूस होता. त्याचे चरित्र मी शोधत गेले, ते त्याच्या कौतुकापोटी. कपड्यापासून निघालेली ही वाट आपल्या मराठवाड्यात, आणि आमच्या घराच्या ओसरीपर्यंत येईल, याची तेव्हा कल्पना नव्हती.

लिहायला बसल्यावर पहिली अडचण अशी आली, की त्याला ‘ते’ म्हणावे की ‘तो’? प्रथम ‘ते’ लिहिले, मग खोडले. परदेशी माणसाला मराठीत आपण ‘तो’ म्हणतोच. माझे कारण मात्र तेवढेच नाही, हे पुढे दिसेल.

फ्रेडरिक सिडनी कॉटन याचा जन्म १७ जून १८९४ रोजी ऑस्ट्रेलियात, क्वीन्सलंड प्रांतात झाला. वडील गुरांचे मोठे कळप बाळगणारे जमीनदार होते. १९१० साली कुटुंब इंग्लंडला गेले आणि मुलाला चेल्टनहॅमच्या नावाजलेल्या शाळेत घातले. दोन वर्षांनी तो ऑस्ट्रेलियात परतला आणि मेंढ्यांच्या एका मोठ्या वाड्यावर उमेदवारी करू लागला. घोड्यावर बसून मेंढ्या हाकायच्या, कुंपणे दुरुस्त करायची, असे ते काम. इतक्यात पहिले महायुद्ध सुरू झाले. १९१५ मध्ये तो पुन्हा इंग्लंडला गेला आणि नोव्हेंबरात तेथील नौदलाच्या हवाई शाखेत दाखल झाला. एकट्याने जेमतेम पाच तास विमान चालविल्यावर त्याला लढाऊ वैमानिक म्हणून पसंत करण्यात आले. पाच तास! आमच्या गावच्या ड्रायव्हरला एस.टी.ने याहून जास्त तास परीक्षा घेऊन मग गाडी हातात दिली.

आता थंडीबद्दल थोडे सांगितले पाहिजे, कारण कॉटनचे नाव तिच्यामुळेच झाले. त्या वेळच्या विमानाला छप्पर नव्हते. लाकडाचा सांगाडा, त्यावर कापड, पुढे इंजिन आणि मध्ये उघड्यावर बसलेला माणूस. जसजसे वर जावे तसतशी हवा थंड होते. जमिनीवर पंधरा अंश तापमान असेल, तर पंधरा हजार फुटांवर ते शून्याखाली पंधरा अंशांच्या आसपास येते. वीस हजार फुटांवर ते शून्याखाली पंचवीस होते. त्यात समोरून झोंबणारा वारा. वैमानिक चामड्याचे जाड कोट घालीत, तोंडाला देवमाशाची चरबी फाशीत, तरी बोटे आणि गाल हिमदंशाने काळे पडत. कोट आणि पाटलोण यांच्यामधून, बाहीतून, गळ्यातून वारा शिरे. हात बधिर झालेला माणूस बंदुकीचा चाप काय ओढणार! शत्रूच्या गोळीआधी थंडीनेच कित्येकांना निकामी केले होते.

१९१६-१७ च्या हिवाळ्यात एके दिवशी कॉटन आपल्या विमानाच्या इंजिनाशी खटपट करीत होता. अंगात मिस्त्री लोक घालतात तसला एकसंध मळका डगला होता, तेला-ग्रीसने पार माखलेला. तेवढ्यात उड्डाणाचा इशारा झाला. कपडे बदलायला वेळ कोठला? तो तसाच विमानात चढला. परत उतरल्यावर सोबतचे वैमानिक कुडकुडत होते आणि याला मात्र थंडी फारशी जाणवली नव्हती. दुसरा कोणी असता तर नशीब म्हणून सोडून दिले असते. याने विचार केला. डगल्याला जोड नाही, म्हणून वाऱ्याला शिरायला फट नाही. कापडाची छिद्रे तेलाने बुजलेली, म्हणून अंगातली ऊब बाहेर जात नाही. ज्यांच्या घरी विहिरीवर इंजिन आहे, त्यांना मिस्त्रीच्या सदऱ्याचा हा गुण सांगायला नको.

रजा मिळताच तो लंडनला गेला आणि रॉबिन्सन अँड क्लीव्हर या कापडवाल्यांकडून त्याने आपल्या कल्पनेप्रमाणे एक पोशाख शिवून घेतला. आत मऊ केसाळ अस्तर, मध्ये वारा अडविणारे रेशमी कापड आणि बाहेरून हलके, पाणी न धरणारे कापड, असे तीन थर एकत्र शिवलेले. गळ्याशी आणि मनगटाशी केसाळ पट्ट्या, म्हणजे ऊब निसटू नये. बसल्या जागी हात पोचावा म्हणून गुडघ्यांखाली खोल खिसे. मला हे वाचताना आजीची गोधडी आठवली. जुन्या लुगड्याचे थर, मध्ये चिंध्यांचे भरण आणि वरून बारीक धावदोरा. थरांच्या मध्ये अडकलेली हवा माणसाला ऊब देते, हे पदार्थविज्ञान आपल्या बायकांना पुस्तकाशिवाय समजले होते. कॉटनने एवढेच केले की ती गोधडी माणसाच्या आकाराची शिवली आणि तिला हातपाय ठेवले.

हाच सिडकॉट. नौदलाच्या वैमानिकांनी तो उचलला, मग भूदलाच्या वैमानिकांनी, आणि पुढे ब्रिटिश हवाई दलाने तो अधिकृत केला. त्याचे कापड बदलले, कॉलर सुटी झाली, आतले अस्तर काढता-घालता येऊ लागले, बटणांच्या जागी चेन आल्या. पण मूळ घडण १९५० च्या दशकापर्यंत टिकली. दुसऱ्या महायुद्धात बाँबफेकी विमानांतून रात्र रात्र जाणाऱ्या हजारो तरुणांच्या अंगावर हा पोशाख होता. आज संग्राहकांच्या हाती लागतात ते बहुधा याच पुढच्या काळातले. पहिल्या महायुद्धातला अस्सल सिडकॉट मिळणे ही फार दुर्मिळ गोष्ट आहे. लंडनचे इंपीरियल वॉर म्युझियम आणि कॅनबेऱ्याचे युद्धस्मारक अशा ठिकाणी तो जपून ठेवलेला आहे.

हे सारे करणारा माणूस पोशाखाच्या वर्षीच नोकरीतून बाहेर पडला. वरिष्ठांशी त्याचे पटले नाही आणि ऑक्टोबर १९१७ मध्ये त्याने राजीनामा दिला. त्याच महिन्यात लग्न केले. पुढे आणखी दोन लग्ने झाली, पण तो विषय येथे नको. वरिष्ठांशी न पटणे मात्र त्याच्या आयुष्यात शेवटपर्यंत चालले. हुकूम पाळणे हे त्याच्या रक्तातच नव्हते.

मधली वीस वर्षे मी झरझर सांगते. टास्मानियात घरच्या धंद्यात पाहून झाले. १९२० मध्ये इंग्लंडहून केप टाउनला उडत जाण्याचा प्रयत्न केला आणि विमान इटलीतच आपटले. मग तो न्यूफाउंडलंडच्या बर्फाळ मुलखात गेला. तेथे शिकाऱ्यांच्या जहाजांसाठी विमानातून सील प्राण्यांचे कळप शोधून देणे, टपाल पोचविणे असा धंदा मांडला. १९२७ मध्ये अटलांटिक ओलांडताना बेपत्ता झालेल्या दोन फ्रेंच वैमानिकांचा शोधही त्याने तेथे घेतला. १९३० नंतर ड्यूफेकलर नावाच्या रंगीत फिल्मच्या व्यवसायात शिरला. पैसा आला तसा गेला. आपल्याकडे अशा माणसाला उचापत्या म्हणतात. पण ही रंगीत फिल्म आणि बर्फातले उड्डाण या दोन्ही गोष्टी त्याला पुढे एकाच कामात उपयोगी पडल्या.

ते काम हेरगिरीचे. १९३८ साली युद्धाचे ढग जमू लागले, तेव्हा जर्मनीत काय चालले आहे याची छायाचित्रे ब्रिटिश गुप्तहेर खात्याला हवी होती. खात्यातील विंटरबॉथम या अधिकाऱ्याने कॉटनला गाठले. कॉटनने लॉकहीड कंपनीचे बारा-ए जातीचे एक देखणे प्रवासी विमान घेतले. बाहेरून पाहणाऱ्याला वाटावे, फिल्मचा एक श्रीमंत व्यापारी फिरतीवर आहे. आत मात्र विमानाच्या पोटात तीन कॅमेरे बसविलेले, झाकण सरकले की खाली पाहणारे. येथेही पुन्हा थंडी आडवी आली. उंचावर भिंगांवर दव धरे आणि चित्रे धूसर येत. कॉटनने विमानातली गरम हवा भिंगांवरून वाहील अशी योजना केली आणि चित्रे स्वच्छ येऊ लागली. माणसाला ऊब द्यायची त्याने वीस वर्षांपूर्वी जी युक्ती केली, तीच आता भिंगासाठी! मला त्याच्या साऱ्या उद्योगांत हा धागा फार आवडला.

आणखी एक गंमत सांगतात. लंडनजवळच्या हेस्टन विमानतळावरून जोधपूरच्या महाराजांचे विमान उडाले. त्याचा रंग बदकाच्या अंड्यासारखा फिकट हिरवा होता. पाहता पाहता ते आकाशात मिसळून दिसेनासे झाले. महाराजांनी हौसेने दिलेला रंग कॉटनने हेरला आणि आपल्या विमानाला लावला. त्या रंगाला त्याने कॅमोटिंट असे नाव दिले.

जुलै १९३९ मध्ये फ्रँकफर्ट येथे वैमानिकांचा मेळावा होता. तेथे एका जर्मन सेनापतीला त्याने आपल्या विमानातून फेरी मारून आणली आणि तो खूश होऊन विमान चालवीत असताना खाली कॅमेरे चालूच ठेवले, अशी कथा आहे. युद्ध पेटण्यापूर्वी बर्लिनहून निघालेले शेवटचे खाजगी विमान त्याचेच, असेही म्हणतात. यांतल्या बऱ्याच गोष्टी कॉटनने स्वतः सांगितलेल्या आहेत आणि तो संकोची माणूस नव्हता. तेव्हा वाचकांनी चिमूटभर मीठ जवळ ठेवावे.

पण पुढचे काम कागदोपत्री पक्के आहे. सप्टेंबर १९३९ मध्ये युद्ध सुरू झाले. हवाई दलाला डच किनाऱ्यावरील बंदरांची छायाचित्रे हवी होती आणि त्यांच्या विमानांतले कॅमेरे गारठून बंद पडत होते. कॉटन परवानगीची वाट न पाहता आपले खाजगी विमान घेऊन गेला आणि छायाचित्रे आणून अधिकाऱ्यांच्या टेबलावर ठेवली. अधिकारी रागावले. मग त्यांनी त्यालाच गणवेश दिला आणि हेस्टनच्या छायाचित्रण तुकडीचा प्रमुख केला.

टेहळणीचे विमान तोवर जड, हळू आणि बंदुका लावलेले असे. मॉरिस लाँगबॉटम नावाच्या तरुण अधिकाऱ्याने उलटा विचार मांडला होता. सर्वांत वेगवान विमान घ्या, बंदुका काढून टाका, ते हलके करा आणि इतके उंच उडवा की शत्रू पोचणारच नाही. कॉटनने ही कल्पना अमलात आणली. एकेक विमान मोलाचे असताना त्याने लढाऊ विभागाचे प्रमुख डाउडिंग यांच्याकडून दोन स्पिटफायर मिळविली, बंदुकांची भोके बुजविली, अंग घासून गुळगुळीत केले, फिकट रंग दिला. १८ नोव्हेंबर १९३९ रोजी लाँगबॉटम स्वतः अशा विमानातून जर्मन सरहद्दीवर छायाचित्रे काढून आला. तीस हजार फुटांवर, जेथे तापमान शून्याखाली चव्वेचाळीस अंशांपर्यंत जाते, बिनहत्यारी माणूस एकटाच जायचा. त्याच्याजवळ वेग आणि अंगावरचे उबदार कपडे, एवढेच. दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडने विमानांतून जे डोळे उघडे ठेवले, त्यांची सुरुवात ही होय.

कॉटनच्या तुकडीला लोक थट्टेने कॉटनचे लफंगे म्हणत. नियम धाब्यावर बसवून तो हवे ते मिळवी आणि कार्यालयातली माणसे दातओठ खात. १६ जून १९४० रोजी, फ्रान्स पडत असताना, तो तेथून परतला तो हातात पदमुक्तीचे पत्रच पडले. फ्रान्समधून एका धनिकाला पैसे घेऊन विमानाने बाहेर काढण्याचा त्याचा विचार होता, असा आरोप त्याच्यावर होता. तुकडी दुसऱ्याच्या हाती गेली आणि पुढे भरभराटली. कॉटनला १९४१ मध्ये ओ. बी. ई. हा किताब मिळाला आणि त्याच वर्षी त्याने हवाई दल सोडले.

येथवर मी हा माणूस मोठ्या आदराने वाचीत आले होते. वरिष्ठांनी डावललेला, स्वतःच्या अकलेवर चालणारा माणूस कोणाला आवडणार नाही? पुढचे पान उलटले आणि हैदराबाद हे नाव आले.

आपणा मराठवाड्यातील विद्यार्थ्यांना १७ सप्टेंबरचा झेंडा नवा नाही. भारत १५ ऑगस्ट १९४७ रोजी स्वतंत्र झाला, परंतु औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड आणि उस्मानाबाद हे त्या वेळचे पाचही जिल्हे निजामाच्या राज्यातच राहिले. नोव्हेंबर १९४७ मध्ये भारत सरकार आणि निजाम यांच्यात जैसे थे करार झाला, पण तणाव वाढतच गेला. स्वामी रामानंद तीर्थांच्या नेतृत्वाखाली लोक लढत होते आणि लातूरचे वकील कासीम रझवी यांचे रझाकार गावोगाव दहशत घालीत होते. हैदराबादला समुद्र नाही. चारी बाजूंनी भारत. भारताने मालाची आणि शस्त्रांची वाट रोखली, तेव्हा निजामाच्या फौजेला बंदुका येणार कोठून? एकच वाट उघडी होती, आकाशाची.

सिडनी कॉटन हैदराबादेत आला तो शेंगदाणे खरेदी करायला. हे वाचून मी पुस्तक मिटले आणि पुन्हा उघडले. भुईमूग! युद्धानंतर इंग्लंडात तेला-तुपाची टंचाई होती आणि आपल्या रानातला भुईमूग त्याला तिकडे न्यायचा होता. पण नाकेबंदीमुळे माल बाहेर निघेना. बोलता बोलता शेंगा राहिल्या बाजूला आणि सौदा शस्त्रांचा झाला. निजामाचे पंतप्रधान लायक अली यांच्या सरकारशी ठरवून कॉटनने विमाने उभी केली. ज्या लँकेस्टर विमानांनी जर्मनीवर बाँब टाकले होते, त्यांच्याच धर्तीची ती मालवाहू विमाने होती. कराची हा तळ. १९४८ च्या पावसाळ्यात रात्रीच्या अंधारात ती भारतावरून उडत आणि बीदर, वरंगळ येथे बंदुका व दारूगोळा उतरवून परत जात. अंधारात विमान गाठण्याची साधने आपल्या नव्या हवाई दलाजवळ नव्हती.

मी ॲटलास काढला आणि कराचीपासून बीदरपर्यंत पट्टी ठेवली. सुमारे तेराशे किलोमीटरची ती रेघ जवळजवळ बीड गावावरून जाते.

आमचे मूळ गाव बीड जिल्ह्यात. आजी त्या वेळी लहान होती. रझाकारांच्या भीतीने तिच्या माहेरची माणसे एका रात्री बैलगाडीत बसून मोगलाईतून निघाली आणि बार्शीकडे नातेवाइकांत जाऊन राहिली. वाटेत वरून घरघर आली, तेव्हा सारे गाडी सोडून बाजरीत शिरले आणि आवाज लांब जाईपर्यंत पालथे पडून राहिले, असे ती सांगते. विमानाला ती अजून इमान म्हणते. ते इमान कोणाचे, कोठून कोठे चालले होते, हे तिला कधी कोणी सांगितले नाही. लहानपणापासून मी ही गोष्ट ऐकत आले. पण आकाशातल्या त्या आवाजामागे कोणी माणूस बसला असेल, त्याला नाव असेल, त्याच्या अंगावर गरम कपडे असतील, असे मला कधी सुचले नव्हते.

कॉटनचा निजामावर जीव नव्हता आणि आमच्यावर रागही नव्हता. हैदराबादवर अन्याय होत आहे असे त्याने पुढे सांगितले खरे. पण त्याच्या सगळ्या चरित्राकडे पाहता मला वाटते, की सील शोधणे, बंदरांची छायाचित्रे काढणे आणि बंदुका पोचविणे, ही त्याच्या दृष्टीने एकाच जातीची कामे होती. कोणी नाही म्हटले की ते करून दाखवायचे. खाली बाजरीत कोण पालथे पडले आहे, हे तीन-तीन कॅमेरे लावणाऱ्या माणसाला दिसले नाही. माझ्या कौतुकाला येथे तडा गेला. सिडकॉटने वाचविलेली हजारो बोटे मी विसरत नाही. पण ती एका पारड्यात टाकून दुसऱ्या पारड्यातले वजन उचलता येईल, असेही मला वाटत नाही.

इतका खटाटोप होऊन निजामाला त्याचा उपयोग काय झाला? १३ सप्टेंबर १९४८ च्या पहाटे भारतीय फौजा सोलापूरच्या बाजूने आत शिरल्या आणि पहिल्याच दिवशी नळदुर्ग पडला. आपल्या हवाई दलाच्या टेंपेस्ट विमानांनी बीदर आणि वरंगळच्या धावपट्ट्यांवर हल्ले केले. १७ तारखेला निजामाने शरणागती पत्करली. पाच दिवसांत सारे आटोपले. आटोपले असे म्हणताना एक गोष्ट सांगितली पाहिजे. त्यानंतरच्या दिवसांत मराठवाड्यातील पुष्कळ निरपराध मुसलमान कुटुंबांवर सूड उगवला गेला. पंडित सुंदरलाल यांच्या समितीने त्याची चौकशीही केली होती. गाद्या भरणारे एक पिंजारी कुटुंब आजीच्या शेजारी राहत असे. तिच्या माहेरची माणसे गावी परतली, तेव्हा त्या घराला कुलूपही नव्हते आणि माणसेही नव्हती. एवढे सांगून ती गप्प बसते.

कॉटनवर लंडनच्या न्यायालयात खटला झाला आणि १९४९ साली त्याला दोनशे पौंड दंड झाला. त्या वेळच्या दराने सुमारे २,६६६ रुपये. कायदा मोडला तो हवाई वाहतुकीचा, असे त्याचे कागदोपत्री स्वरूप होते. दंड भरून तो मोकळा झाला.

उरलेल्या वीस वर्षांत त्याने पश्चिम आशियात तेलाच्या आणि बांधकामाच्या मोठमोठ्या योजनांमागे धाव घेतली. पैसा हाती राहिला नाही. १३ फेब्रुवारी १९६९ रोजी इंग्लंडमध्ये त्याचा मृत्यू झाला आणि अस्थी क्वीन्सलंडला नेण्यात आल्या. राल्फ बार्कर यांनी शब्दबद्ध केलेले त्याचे आत्मचरित्र त्याच वर्षी निघाले.

त्याचे ते लॉकहीड विमान अजून आहे. १९४० च्या बाँबहल्ल्यात ते हेस्टनला मोडले, अमेरिकेत दुरुस्त झाले, हातोहाती फिरले आणि शेवटी जुन्या विमानांच्या शौकिनांनी ते इंग्लंडला परत आणून पुन्हा उडते केले. बीदरची धावपट्टीही आहे. आज तेथे आपल्या हवाई दलाचे वैमानिक शिकतात. आणि सिडकॉटचे लिलाव होतच असतात. कॉलर शाबूत आहे, चेन मूळची आहे, चिठ्ठीवरचा मुकुट वाचता येतो, अशी त्याची वर्णने छापली जातात.

दिवाळीच्या सुट्टीत हा लेख मी आजीला वाचून दाखविला. निजामाचे आणि बंदुकांचे ऐकताना ती काही बोलली नाही. पोशाखाचे तीन थर मात्र तिने नीट समजून घेतले. मधल्या रेशमी थराला धावदोरा घातला तर सुईच्या भोकांतून वारा शिरणार नाही का, असे तिने विचारले. मला उत्तर देता आले नाही. मग शेंगांची गोष्ट तिने पुन्हा वाचायला लावली, आणि साहेबाने त्या साली शेंगांना भाव काय लावला होता, हे दोनदा विचारले.